कोरी मोहर

फार वर्षांपूर्वी विश्वंभरशेटांच्या संग्रहात टाकसाळीनं नमुना म्हणून पाडलेली एक दुर्मीळ सोन्याची मोहर होती. मखमली डबी तिला रोज बजावायची, "बाई गं, कुणाचं बोट लागू देऊ नकोस. डाग पडला की तुझं मोल गेलं!"

पुढे शेटांच्या पत्नीची, कावेरीबाईंची, दृष्टी गेली. एकदा त्या म्हणाल्या, "अहो, तुमची लाडकी मोहर बघायची राहूनच गेली."

शेटांनी डबी उघडली आणि मोहर अलगद पत्नीच्या तळहातावर ठेवली.

कावेरीबाईंनी हळुवार बोटं फिरवली. "अगंबाई, कमळ आहे की हिच्यावर! किती नाजूक पाकळ्या!"

मोहरेला जन्मात पहिल्यांदा ऊब कळली.

"डाग पडला गं!" डबी रडवेली झाली.

"पडू दे," मोहर म्हणाली. "मी सोन्याची आहे, एवढंच मला ठाऊक होतं. माझ्या अंगावर कमळ आहे, हे आज कळलं."