न निघालेल्या नारूचा वाटा

यंदाही मलाच उभं केलं. गुडघे दुखतात म्हटलं तर खुर्ची आणली, घसा बसलाय म्हटलं तर माइक दिला. एवढी शिकलेली पोरं गावात, पण ठकूआई सांगायची वेळ आली की सगळ्यांना मी आठवतो. तर ऐका. मागं कुजबुजताय त्यांनी बाहेर जाऊन कुजबुजावं.

फार मागची गोष्ट. खैरवळला तेव्हा नळ नव्हता, हापसा नव्हता, एक बारव होती. सगळं गाव पायऱ्या उतरून पाण्यात शिरायचं, पाय धुवायचं आणि तिथलीच घागर भरून प्यायचं. म्हणून गावाला नारू होता. नारू म्हणजे पायाची कातडी फोडून निघणारा दोऱ्यासारखा किडा. ओढला तर तुटतो, तुटला तर पाय सडतो. तो काढावा ठकूआई वैदिणीनं, काडीला गुंडाळत, रोज जरा जरा. असं म्हणतात, तिचा हात लागला की नारू वासरासारखा मागं यायचा.

काढलेल्या नारूची काडी ती दारच्या लिंबाला टांगायची. सुगीला गाव त्या काड्या मोजायचं आणि तेवढ्या हिशोबानं गावच्या पेवातलं धान्य तिला द्यायचं. त्यावर ती आणि तिची मुकी लेक जगायची.

एका साली ऐन पेरणीत निम्मं गाव खाटेवर पडलं. लिंब काड्यांनी पांढरा झाला. ठकूआईला त्या साली कणगी भरून मिळणार होतं. पण तिला ते झाड बघवेना. ती उठली आणि चावडीवर गेली.

"पाटील," ती म्हणाली, "पाय सुजल्यावर मला धान्य देता, ते आधी गवंड्याला द्या. पायऱ्या बुजवा, वर रहाट बसवा. पाण्यात कुणाचा पाय जाता कामा नये. आणि घागरीच्या तोंडाला फडकं बांधा."

रायाजी आवटी पाटील हसला. "मग तू काय खाशील गं, फडकं?"

"तुम्ही पायावर उभे राहा. माझा वाटा तेवढा चालू ठेवा."

पाटलाच्या स्वतःच्या बैलांमागं माणूस नव्हतं, म्हणून तो हो म्हणाला. पायऱ्या बुजल्या. फडकी कमी पडली तेव्हा ठकूआईनं आपलं लुगडं फाडलं. असं म्हणतात, त्याचा पदर फाडून संपेना. साऱ्या गावच्या घागरी झाकून उरला.

आधी प्यालेलं पाणी अंगात होतंच, त्यामुळं पहिल्या साली नारू निघाला आणि तिनं शिव्या खाल्ल्या. दुसऱ्या साली कुणालाच निघाला नाही. पोरं बांधावरून पळाली, म्हातारे खळ्यावर नाचले. ठकूआई सूप घेऊन खळ्यावर गेली.

"यंदा किती काढलेस?" पाटलानं विचारलं.

"एकही नाही."

"मग वाटा कसला?"

"न निघालेल्यांचा."

"तसा नसतो. एक तरी दाखव, मग घे."

लोकांनी लिंबाकडं पाहिलं. लिंब हिरवागार होता. "बसून खायची सवय लागली हिला," बायकासुद्धा म्हणाल्या. ज्यांचे पाय तिनं मांडीवर घेतले होते, त्याच त्या.

ठकूआई वळली. रिकामं सूप काखेत, लेकीचा हात हातात, आणि ती शिवेबाहेर गेली.

पुढं रहाटाचा दोर तुटला, तो ओवायला कुणी धान्य देईना. लोकांनी पाण्यात उतरायला पायऱ्या पुन्हा उकरल्या. नारू आला तो पाटलाच्याच पायातून. असं म्हणतात, तो गुंडाळता गुंडाळता वाड्यातल्या काड्या संपल्या, मग बैलगाडीच्या आसाला गुंडाळला, तरी टोक सापडेना. गाडी ठकूआईला आणायला धावली. माळावर ती नव्हती. एका बाभळीवर तिचं फडकं पसरलं होतं, आणि धो धो पावसात ते कोरडं होतं.

आता दर सुगीला आपण बारवेवर जमतो. तिच्या नावानं सूपभर धान्य ठेवतो, घागरीला कोरं फडकं बांधतो, ओवाळतो, हलगी वाजवतो. मग फडकं सोडून घरी जातो आणि टाकीचं पाणी तसंच पितो.

गेल्या उन्हाळ्यात ग्रामसभेत मी म्हणालो, दवाखान्याला नवी खाट घेताय, आधी टाकी धुवा. सरपंच म्हणाला, "तात्या, एक तरी आजारी दाखवा, मग बघू." सभा हसली. श्रावणात कावीळ आली. माझी थोरली सून त्याच नव्या खाटेवर दगावली.

आज हा माइक त्याच सरपंचानं हातात दिला, शालही आणलीय. शाल ठेव तुझ्याजवळ. तू माफी मागायची राहिलीय, भानुदास आवटी.