सदतीस पानं

"कोण रे बाबा तू?"

सलग तिसऱ्या दिवशी हाच प्रश्न. टेकडी चढून निरंजनला धाप लागलेली, त्यात हे ऐकून त्याचं डोकंच फिरलं.

"बाबा, मी निरंजन! काल आलो होतो. परवाही आलो होतो. सगळं सांगितलं तुम्हाला."

"असेल, असेल." उमेदगीर गोसाव्यानं चुलीत काटकी सारली. "सांग परत. मठात दुसरं काम काय आहे मला?"

सांगितलं बिचाऱ्यानं परत. भाड्याच्या खोलीत एकटा बसून तो एका शहराच्या बसगाड्यांचं वेळापत्रक कॉम्प्युटरवर लावत होता. हाताखाली माणूस नाही. एक एआय तेवढा. गडी भलता हुशार, दिवसभर सांगेल तो प्रोग्राम लिहून देणार. पण संध्याकाळी बंद केला की पाटी कोरी. सकाळी उघडावा तर, 'नमस्कार, काय मदत करू?' जसं काही कधी तोंडच बघितलं नाही.

"मग रे?"

"मग मी रोज संध्याकाळी त्याच्यासाठी लिहून ठेवतो. काय झालं, काय राहिलं. सकाळी तो आधी ते वाचतो."

"भागलं की मग."

"कुठलं भागतंय! सदतीस पानं झालीत. सगळी वाचतो आणि नेमकं हवं तेच त्याच्या हातून निसटतं. हात लावू नको म्हणून लिहिलेली फाईल, तीच बदलून बसला. शनिवारी काम द्यायचंय. नाही दिलं तर हातचं जाईल. अजून काय लिहू बाबा, म्हणजे सकाळी त्याला मी आठवेन?"

म्हाताऱ्यानं चुलीवरचं भांडं उतरवलं. चहा ओतला, पुढं सरकवला.

निरंजननं घोट घेतला... आणि थांबला.

गूळ नाही. आलं ढीगभर. पहिल्या दिवशी एकदाच म्हणाला होता तो तसं, तेही चपला घालता घालता.

"बाबा... तुम्ही ओळखता मला!"

"छे. तुझा चहा ओळखतो. तू कोण, ते तीन दिवस विचारतोय."

आणि लबाडानं डोळे मिटले, उन्हात मांजर मिटतं तसे.

"पानं आणलीस? वाच. मला आपली सही तेवढी येते."

पानं छापून आणली होती. निरंजन वाचायला बसला, आणि म्हाताऱ्यानं झोळीतनं काय काढावं? दाढीची कात्री!

"'जुन्या वेळापत्रकाची फाईल बदलायची नाही.'"

कर्रर्र. निरंजनचं बोट होतं ती ओळ कापून डावीकडं.

"'काल तुझ्यावर चिडलो. दोन दिवस कोणाशी बोललो नव्हतो.'"

कर्रर्र. उजवीकडं.

"अहो बाबा, कापताय काय!"

"वाच."

"'सुट्टीच्या दिवशीच्या गाड्या अजून राहिल्यात.'"

डावीकडं.

"'मी गप्प झालो तर रागावलो असं समजू नकोस. दुसऱ्यांदा विचारलं की मी बोलतो. दादा तसंच विचारायचा.'"

कात्री थांबली.

"दादा कोण?"

"मोठा भाऊ. देवरुखला असतो. बोलत नाही आम्ही... चार वर्षं झाली."

"कोणामुळं?"

निरंजन चुलीकडं बघत राहिला. काटकी जळून वाकली, राखेत पडली.

"कोणामुळं रे?"

"...माझ्यामुळं."

"हं. वाच पुढं."

ऊन दारातनं भिंतीवर गेलं तेव्हा पानं संपली. डावीकडं सात चिठोऱ्या. उजवीकडचा ढीग वाऱ्यानं उडायला लागला, म्हाताऱ्यानं त्याच्यावर तांब्या ठेवला.

सात चिठोऱ्या निरंजनच्या तळहातावर आल्या.

"हे तुझ्या विसरभोळ्याला दे. ह्याच्यावर गाडी हाकेल तो."

"एवढंच?"

"एवढंच त्याचं आहे."

निरंजननं तांब्याखालच्या ढिगाकडं बघितलं.

"आणि... ते?"

म्हाताऱ्यानं झोळी उपडी केली. चिलीम पडली, कंगवा पडला, अर्धी सुपारी पडली. शेवटी पोस्टाचं एक चुरगळलेलं पाकीट निघालं. ते त्यानं मांडीवर घासून सरळ केलं आणि पुढं धरलं.

"देवरुखचा पत्ता तू लिही. मला सही तेवढी येते."