गिधाडाचे टक्कल आणि कोल्ह्याचा लेप

घाटाखालच्या एका जंगलात, नदीकडे तोंड करून उभ्या असलेल्या कड्यावर, एक गिधाड आपल्या बायको-पिल्लासह राहत असे. मोठे कष्टाळू गिधाड होते बरे का, मुलांनो! ऊन तापले की ते आभाळात झेप घेई. कुठे मेलेले जनावर दिसले की खाली उतरे, त्यात मानेपर्यंत डोके खुपसून जेवी, पिल्लासाठी गळ्याच्या पिशवीत घास भरून घेई आणि नदीत अंघोळ करून घरी परते. पिल्लू बाळसे धरत होते. आपल्या डोक्यावर पिसे नाहीत, याचा गिधाडाने कधी विचारसुद्धा केला नव्हता.

एकदा बुलबुलांच्या घरी लग्न निघाले. झाडून सगळे पक्षी नटूनथटून आले होते. जिकडे पाहावे तिकडे तुरेच तुरे! गिधाड मांडवात शिरताच नवरीची धाकटी बहीण लगबगीने पुढे आली आणि म्हणाली, "या आजोबा, इथं सावलीत बसा." सगळा मांडव खो खो हसला. बिचाऱ्याला आत्ता कुठे पहिले पिल्लू झालेले, आणि म्हणे आजोबा! त्याला ते फार लागले. जेवायलाही न थांबता ते नदीवर गेले आणि पाण्यात वाकून पाहू लागले. डोक्याचा नुसता गुळगुळीत गोटा दिसत होता.

तिथेच एक कोल्हा पाणी पीत होता. तो म्हणाला, "गिधाडराव, एवढं काय मनाला लावून घेता? माझ्याकडे लेप आहे. माका, जास्वंद आणि बाभळीचा डिंक. अशी पिसं येतील की बुलबुलं तोंडात बोटं घालतील! पथ्य मात्र कडक आहे. पिसं फुटेपर्यंत डोकं कशात खुपसायचं नाही आणि त्याला पाणी लागू द्यायचं नाही."

"आणि तुम्हाला काय द्यायचं, वैद्यबुवा?"

"छे, छे! शेजाऱ्याकडून काय घ्यायचं?"

कोल्हा काही फुकट देतो म्हटल्यावर खरे तर तिथेच शंका यायला हवी होती. पण गिधाडाला डोक्यावर तुरा दिसू लागला होता. त्याने चांगला जाड लेप थापून घेतला.

दुसऱ्या दिवशी ओढ्याकाठी एक सांबर मरून पडले. नेहमीप्रमाणे ते गिधाडालाच आधी दिसले. पण डोके आत घालायची सोय नव्हती! लेप सांभाळत ते बाजूला उभे राहिले आणि इकडेतिकडे उडालेले तुकडे टिपत बसले. कोल्हा मात्र आत शिरून मऊ मऊ मांसावर ताव मारत होता. "पथ्य, गिधाडराव, पथ्य!" तो भरल्या तोंडाने बजावी. रोज असेच होऊ लागले. गिधाड रिकाम्या पिशवीने घरी जाई, पिल्लू चोच वासून रडे आणि रडून रडून झोपी जाई. एका संध्याकाळी बाप आला तरी पिल्लाने चोच उघडलीच नाही.

बायको म्हणाली, "अहो, हे काय चालवलंय तुम्ही?"

"तुला टकलू नवरा कसा चालेल गं? लोक मला आजोबा म्हणतात."

"आणि माझं डोकं कधी पाहिलंत का?"

गिधाडाने पाहिले. तिचे डोकेही अगदी त्याच्यासारखेच, एकही पीस नसलेले. "मला तर ते नेहमी छानच वाटलं," ते पुटपुटले.

"मग झालं तर! जा, लेकरासाठी काहीतरी घेऊन या."

गिधाडाने तडक ओढा गाठला. तिथे एक नीलगाय पडली होती आणि कोल्हा जेवत होता. गिधाडाने दगडावर डोके घासून लेप काढला आणि मानेपर्यंत आत मुसंडी मारली. कोल्हा ओरडला, "अहो, पथ्य मोडलं! आता पिसं यायची नाहीत!"

"नकोतच मला," गिधाड म्हणाले. "तुमच्या शेपटीचे केस झडताहेत, उरलेला लेप तिथं लावा!"

पिशवी गच्च भरून ते नदीवर गेले. पाण्यात एक बुडी मारली, आणि डोके लख्ख! पिसे असती तर सगळी बरबटून चिकटली असती. आपले डोके असेच का, हे त्याला तेव्हा कळले. त्या संध्याकाळी पिल्लू पोट भरेपर्यंत जेवले आणि बापाच्या पंखाखाली गाढ झोपले.

पुढे तर गंमतच झाली. ताठ मानेने फिरणारे गिधाड पाहून कावळ्यांच्या पोरांना टकलाची हौस आली. त्यांनी डोक्यावरची पिसे उपटली आणि उन्हात डोकी भाजून घेतली! बुलबुलांकडे पुन्हा लग्न निघाले, तेव्हा तीच मुलगी म्हणाली, "या आजोबा, बसा."

"बसतो हं, नातबाई," गिधाड हसून म्हणाले, "पण आधी सांग, पानं कुठं मांडलीत? आज मी जेवूनच जाणार."

तात्पर्य : आपले रूप आपल्या कामाला साजेसे असते; लोकांच्या हसण्यापायी ते बदलत बसलो, तर उपाशी राहतात ती आपलीच माणसे.