फूटपट्टीने लावलेल्या चिठ्ठ्या

फार वर्षं झाली. सोमवार होता, सकाळचे साडेदहा वाजले होते. तालुक्याच्या कॉलेजच्या ग्रंथालयात इंग्रजीतल्या अभिजात कादंबऱ्यांची प्रतवारी चालली होती. कोणत्या विद्यार्थ्याला कोणतं पुस्तक झेपेल, हे फूटपट्टी पुस्तकाची जाडी मोजून ठरवत होती. बारीक पुस्तकाला पहिल्या वर्षासाठीची पिवळी चिठ्ठी, जाड पुस्तकाला वरच्या वर्गांसाठीची लाल.

फूटपट्टी एका जाडजूड कादंबरीपाशी आली. तांबोळ्यांची यास्मिन ही कादंबरी रोज इथे बसून वाचत होती, दोनशे बाराव्या पानापर्यंत आली होती. पण पहिल्या वर्षाला असल्यामुळे यास्मिनचं कार्ड पिवळं होतं.

"फूटपट्टीबाई, एकदा उघडून तरी बघा," जाड कादंबरी म्हणाली. "माझी भाषा साधी आहे हो."

"आणि मी बारीक असले, तरी माझ्या एकेका वाक्यात माणूस तासभर अडकतो," शेजारची पातळ कादंबरी म्हणाली.

"चारशे पुस्तकं उरकायचीत मला. प्रत्येकीचं गाऱ्हाणं ऐकत बसू?" फूटपट्टीने चिठ्ठ्या चिकटवल्या आणि ती पुढे सरकली.

दुपारी यास्मिन आली. "पिवळ्या कार्डावर लाल पुस्तक मिळत नाही," टेबलावरचा शिक्का खेकसला. तिने पातळ कादंबरी नेली आणि चौथ्या दिवशी परत आणली.

"मला इंग्रजी येतच नाही," ती पुटपुटली. जाड कादंबरीने कपाटातून मारलेली हाक तिला ऐकू गेली नाही. ती पुन्हा आली नाही.

तिने खुणेला ठेवलेलं एसटीचं तिकीट अजून दोनशे बाराव्या पानात आहे. फूटपट्टीने त्या दिवशी एकही पुस्तक उघडलं नव्हतं. तिला हे काम कोणी दिलं, ते आजवर कोणीही सांगितलेलं नाही.