तंबोऱ्यामागची जागा

एकदा एका कारागिराच्या मुलीने आपल्या गुरूकडे हातभर जागा मागितली.

ही जागा कोणती, ते आधी सांगायला हवे. मैफलीत गायक पुढे बसतो आणि त्याच्या मागे, हातभर अंतरावर, दोन तंबोरे असतात. तंबोरा छेडणारा सगळी मैफल गायकाची पाठ पाहत ऐकतो. टाळ्या पडतात तेव्हा त्याच्यासाठीही थोड्या असतील, असे समजण्याची पद्धत आहे. जैतून नऊ वर्षे त्या मागच्या जागेवर बसत होती.

तिचे वडील तंबोरे बनवत. ती बारा वर्षांची असताना एक तंबोरा पोचवायला त्यांच्याबरोबर गाणे शिकवणाऱ्या बुवांकडे गेली. आत शिकवणी चालू होती. दारात उभ्या राहून तिने आतली तान जशीच्या तशी गुणगुणली. बुवांनी मान वळवली.

"हिला मी शिकवतो."

वडील चपला घालता घालता थांबले. "बुवा, आमच्याच्यानं दक्षिणा..."

"दक्षिणा कोण मागतंय? माझे तंबोरे हिनं लावावेत, झालं."

साऱ्या पेठेने बुवांच्या थोर मनाचे कौतुक केले.

तंबोरा लावणे सोपे नसते. खुंटी केसभर फिरवावी लागते, तारेखाली सुताचा बारीक धागा नेमक्या जागी सरकवावा लागतो. मग तार नुसती वाजत नाही, गुंजते. याला जवारी म्हणतात. खरे तर गाणे शिकणाऱ्याने पहिल्यांदा हेच शिकायचे असते. पण बुवांच्या घरी जैतून आली आणि बाकी कोणाला ते शिकण्याची गरजच उरली नाही. चांगल्या घरांतली मुले-मुली येत, तयार तंबोरा हाती घेत आणि गाऊ लागत. जैतून त्यांच्यामागे बसून ऐके. ऐकता ऐकता तिला सगळ्यांचे सगळे येऊ लागले.

घरी माळ्यावर तंबोऱ्यांसाठी मोठाले भोपळे वाळत टांगलेले असत. एखादा कापून झाला की ती त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन गाई. आवाज आतून गोल, भरघोस होऊन परत येई. एवढा आवाज समोर बसलेल्या माणसांपर्यंत गेला तर त्यांचे चेहरे कसे होत असतील? गायकाच्या आडून तिला ते कधी धड दिसले नव्हते. पाठी मात्र सगळ्यांच्या पाठ होत्या.

बुवांच्या गुरूंची पुण्यतिथी दर वर्षी थाटात होई. खर्च हळदीच्या व्यापारात गब्बर झालेले एक शेठ करत. त्या दिवशी जो शिष्य सर्वांत चांगला गाईल, त्याला मोठ्या शहरातल्या गुरुकुलात ते स्वखर्चाने पाठवत. नऊ वर्षांत नऊ जण गेले. यंदा जैतूनच्या वडिलांची नजर जवळजवळ गेली होती. पावसाळ्यानंतर दुकान तिलाच पाहावे लागणार, नाहीतर ते विकून वडील आपल्या बहिणीकडे राहायला जाणार होते. ती गुरुकुलात जाणार असेल तर विकायला ते तयार होते. म्हणजे तिच्या हाती हे एकच वर्ष होते.

पुण्यतिथीच्या आधी चार दिवस तिने बुवांना विचारले, "यंदा मी पुढे बसू?"

बुवा पान लावत होते. "धीर धर, पोरी. प्रत्येकाची वेळ येते."

"पुढे बसतात त्यांची येते, बुवा. मागून ती नुसती जाताना दिसते."

"अगं, पण तुझ्यासारखे तंबोरे पंचक्रोशीत कोणी लावत नाही."

"नऊ वर्षं हेच ऐकते. हे कौतुक आहे का कुलूप?"

बुवांचा कात लावणारा हात थांबला. तिचा स्वर चढला. "ती कुमुद पुढे बसून गाते, पण तिला तंबोरा लावता येत नाही. तिला कोणी हसतं का? तिला न येणं परवडतं. मला येतं, म्हणून मी मागे. मला आलं नसतं तर तुम्ही दारातूनच परत पाठवलं असतं."

अशा कथांमध्ये म्हातारी माणसे या ठिकाणी मंद हसून एक सुंदर वाक्य बोलतात. बुवांनी पान तसेच डब्यात ठेवून दिले.

पुण्यतिथीच्या दिवशी दुपारी सभामंडप भरला. जैतूनने नेहमीप्रमाणे दोन्ही तंबोरे लावले. शेठ पुढच्या गादीवर टेकून बसले. कुमुद नवे लुगडे सावरत गाण्यासाठी येऊन बसली. इतक्यात बुवा उठले, तंबोऱ्यांपाशी गेले आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी आठही खुंट्या सैल केल्या. तारांखालचे धागे ओढून काढले आणि म्हणाले, "ज्याला गायचं आहे, त्यानं आपला तंबोरा आपण लावून घ्यावा."

कुमुदने खुंटी पिळली. तार किंचाळली. तिने पुन्हा पिळली, तर तार तुटून तिच्या बोटाला लागली आणि तिला रडू फुटले. मागे कोणीतरी कुजबुजले, "बुवांचं वय झालं हो." दुसरा शिष्य पुढे झाला, तिसरा झाला. अर्धा तास गेला. तंबोरे एखाद्या भांडणासारखे वाजत होते.

शेठ वैतागले. "बुवा, हा काय पोरखेळ? त्या जवारीवालीला बोलवा की! ती बघा, तिथंच तर बसलीय."

जैतूनचा हात आपोआप पुढे गेला. बुवांनी मनगट धरले. "स्वतःसाठी लावणार असशील तर लाव."

"मला जागा द्यायला कुमुदला रडवायची काय गरज होती?" ती त्यांच्यावरच संतापली. "चार दिवसांपूर्वी नुसतं हो म्हणायचं होतं."

"खरं आहे," बुवा म्हणाले. मग ते सभेकडे वळले. "कुमुदचा दोष नाही, माझा आहे. या मुलीकडून मी दक्षिणा घेतली नाही आणि नऊ वर्षं स्वतःला दयाळू समजलो. मला वाटे, हिचं शिक्षण फुकट चाललं आहे. फुकट चाललं होतं ते तुमच्या मुलांचं गाणं. ते सुरू व्हायच्या आधीचं अवघड काम हिचं होतं आणि आपण ते गाण्यात धरलंच नाही. आपला भार उचलणाऱ्याला आपण मागेच ठेवतो, कारण तो पुढे सरकला तर भार आपल्या अंगावर येतो. आणि वर म्हणतो, याची योग्यताच त्या कामाची आहे."

जैतूनने नवी तार ओढली, धागे सरकवले. घटकाभरात तंबोरे गुंजू लागले. ती पुढे येऊन बसली. मागे स्वतः बुवा बसले आणि दुसरा तंबोरा, बोटाला चिंधी बांधून, कुमुदने घेतला.

जैतून गायली. सुरुवातीला आवाज कापला. माणसांचे चेहरे इतक्या जवळून पाहायची तिला सवय नव्हती. पण तिने डोळे मिटले नाहीत. एकेक चेहरा पाहत, जणू नऊ वर्षांची उपासमार भागवत, ती गात राहिली.

गाणे संपले तेव्हा शेठ उपरण्याने डोळे पुसत होते. "वा! पोरीनं जीव ओतला." मग ते मनापासून काळजीने म्हणाले, "पण ही गेली तर इथले तंबोरे कोण लावणार?"

"शेठजी," जैतून म्हणाली, "कुमुद जाणार असती तर हा प्रश्न तुम्हाला पडला असता?"

शेठनी उपरणे खांद्यावर टाकले. मग एवढेच म्हणाले, "तयारी करा तिच्या जाण्याची."

ती गेली. त्यानंतर कितीतरी महिने बुवांच्या घरातले गाणे बिघडलेले होते. शिष्य खुंट्यांशी झटत, तारा तुटत, लोक म्हणत की आता इथे पूर्वीसारखी मजा नाही. बेसूर तंबोरा ऐकला की बुवांना तिची फार आठवण येई. दोन दिवस येऊन जा, असे पत्र त्यांनी एकदा लिहायलाही घेतले. मग कागद बाजूला ठेवून ते कुमुदला म्हणाले, "पुन्हा पीळ. केसभर."

'हे काम तुझ्याइतके चांगले कोणालाच जमत नाही,' असे कोणी म्हणाले, तर म्हणणारा कुठे बसला आहे ते एकदा पाहून घ्यावे.