बिळाची मोजणी

माळावर माणसांची वस्ती नव्हती तेव्हाची ही गोष्ट. ओढ्याचा बांध राखणाऱ्यांसाठी प्रत्येक बिळाला धान्याचा कर होता. बीळ जितकं मोठं, तितका कर जास्त. मोजणीला मुंगूस यायचा.

त्या वर्षी दरड खचून एका उंदरिणीच्या बिळाचं तोंड रुंद झालं. मुंगसाने ते बाहेरूनच पाहिलं आणि चार मापं कर ठरवला.

"एवढं दिलं तर माझी पिल्लं उपाशी मरतील, दादा," उंदरीण म्हणाली. "तोंड मोठं दिसतं, पण आत एकच खोली आहे. आत येऊन मोजा."

मुंगूस थबकला. "आत पिल्लं आहेत, आणि मी कोण आहे हे ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे." ती वाटेतून बाजूला झाली.

मुंगूस आत शिरला. पिल्लांची चूंचूं एकदम थांबली. उंदरीण श्वास रोखून दाराशी उभी राहिली.

बऱ्याच वेळाने तो मागे सरकत बाहेर आला. त्याच्या मिशांना फक्त माती लागली होती.

"एकच खोली आहे खरी," तो म्हणाला. "एक माप दे."

मग शेजारच्या बिळाशी जाऊन त्याने पहिल्यांदाच विचारलं, "आत येऊन मोजू का?"