उन्हात टाकलेलं शेत

फार फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा राजा कोण होता ते मला विचारू नका, मला ठाऊक नाही, आणि त्या डोंगरावरच्या लोकांनाही ते ठाऊक नव्हतं. पण गोष्ट ऐकून अजून माझ्या अंगावर काटा येतो. लहानांनो, ऐका, आणि मोठ्यांनो, तुम्ही तर कान उघडे ठेवूनच ऐका.

डोंगराच्या माथ्यावर एक गाव होतं. तिथली माती तांबडी, मऊ आणि ओलसर होती. त्या गावात एक रीत होती. कुदळीने जेवढी जमीन उघडी केली, तेवढी दिवस मावळायच्या आत पाल्याने झाकायची. शेतातली मोठी झाडं तोडायची नाहीत आणि गळलेलं पान उचलायचं नाही. का, ते कुणी विचारत नसे, नि कुणी सांगतही नसे.

या गावात चिमाई नावाची बाई राहायची. नवरा गेलेला, मुलगा नाही, येसू ही एकुलती एक लेक. त्यांचं एकच शेत होतं, गावापासून लांब, रानाच्या पलीकडे. त्यात नाचणी व्हायची आणि त्या नाचणीवर घर चालायचं. दुसरा आधार नव्हता.

येसूला नवरा मिळाला तो खालच्या काळ्या मातीच्या मुलखातला. सुभान त्याचं नाव. घरजावई म्हणून तो डोंगरावर आला, येताना आपला भला थोरला नांगर आणि बैलजोडीही घेऊन आला. माणूस कष्टाळू होता, आळसाचं नाव नाही. पण गावातले टवाळ लोक त्याला सोडतात थोडेच! "काय पाव्हणं, सासूच्या भाकरी गोड लागतात का?" असं पाणवठ्यावर रोज चालायचं. सुभान वरवर हसायचा आणि आतून जळायचा. एकदा असं पीक काढून दाखवीन की सगळ्यांची तोंडं बंद होतील, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं.

पौषात नाचणी घरात आली. तेवढ्यात चिमाईचा भाऊ दूरच्या गावी आजारी पडला. ती निघाली. जाताना म्हणाली, "जावईबापू, शेताकडे लक्ष असू द्या हं."

हे एवढंच ती म्हणाली! आता पुढचं ऐका.

सुभान शेतात जाऊन उभा राहिला आणि त्याने कपाळाला हात लावला. सगळीकडे कुजका पाला, झाडांची गर्द सावली आणि मध्येच उंचवटे. "हे शेत आहे की उकिरडा?" तो म्हणाला. त्याने पाला गोळा करून पेटवून दिला, झाडं तोडली आणि उंचवटे खणून जमीन सपाट केली. मग नांगर घातला, खोल, अगदी त्याच्या बापाने शिकवला होता तसा.

बऱ्याच दिवसांनी येसू स्वतः जेवण घेऊन शेतावर आली आणि दचकलीच.

"अहो, हे काय केलंत? आई पानाला हात लावू देत नाही!"

"का?"

"का ते नाही माहीत. पण नाही लावू देत."

"हे बघ," सुभान हसून म्हणाला, "आमच्याकडे उन्हाळ्यात जमीन नांगरून उघडी टाकतात. जसजसं ऊन पितं तसतसं ढेकूळ फुटतं, कीड मरते, माती भुसभुशीत होते. माझ्या आजाने तेच केलं, बापाने तेच केलं आणि मी वीस वर्षं तेच करतोय. आता पेरणीपर्यंत शेताकडे फिरकायचं नाही. जमीन तापू दे."

त्याचं तरी काय खोटं होतं? त्याच्या मुलखात ते शंभर टक्के खरं होतं. येसूने भाकरीचं फडकं सोडलं आणि त्याला जेवायला वाढलं.

चैत्रात वळीव दोनदा धो धो कोसळला. मोकळी माती उतारावरून लाल लोंढा होऊन दरीत गेली. शेताकडे कुणी फिरकलंच नाही, मग ते दिसणार कुणाला? त्यानंतर खालच्या उघड्या पडलेल्या मऊ थरावर वैशाखाचं ऊन पडलं आणि पडतच राहिलं.

पेरणीच्या तोंडावर चिमाई परतली. सुभानच्या चेहऱ्यावर कोण आनंद! पायही धुऊ न देता तो म्हणाला, "मामी, आधी शेत बघायला चला. ओळखणार नाही तुम्ही!"

आणि खरंच, तिने ओळखलं नाही. ती बांधावर आली आणि जागच्या जागी थिजली.

समोर शेत नव्हतं, खडक होता! या बांधापासून त्या बांधापर्यंत काळपट तांबडा, भोकाभोकांचा, कडक खडक. सुभानने डोळे चोळले. पळत जाऊन त्याने कुदळ मारली. खण्ण! कुदळ उडाली. दुसऱ्या कोपऱ्यात मारली, तिथेही खण्ण. तिसऱ्या कोपऱ्यात दांडाच मोडला. तो मोडका दांडा हातात धरून मटकन खाली बसला.

"हे कुणी केलं? मामी, माझ्या शेतात दगड कुणी आणून टाकले?"

"कुणी नाही आणले," चिमाई म्हणाली. "ही आपलीच माती आहे. आपल्या घराच्या भिंतीचे चिरे कशाचे आहेत, ठाऊक आहे? याच मातीचे. खणताना ती खरवसासारखी कापली जाते. मग उन्हात ठेवतात आणि तिचा दगड होतो. एकदा झाला की पाण्यात शंभर वर्षं भिजवा, परत माती होत नाही."

सुभानने मोडका दांडा बाजूला टाकला. कसाबसा म्हणाला, "पण आमची माती..."

"तुमची न् आमची, दोन्ही एकाच काळ्या कातळाची लेकरं. पण तुमच्याकडे पाऊस बेताचा, कस मातीतच राहतो. इथे चार महिने कोसळतो आणि सगळा कस धुऊन नेतो. मागे उरतो तो तांबडा गंज. आमच्या शेताचं बळ खाली नव्हतंच हो. ते वरच्या वीतभर पाल्यात होतं."

"मग मला सांगितलं का नाही?" सुभान जवळजवळ किंचाळला.

चिमाईने वाकून त्या दगडावरून हात फिरवला. तिला आता कळलं, आपण लेकीलासुद्धा हे कधी सांगितलं नव्हतं. पाल्याला हात लावू नको, एवढंच म्हटलं होतं, आयुष्यभर. ती सुभानशेजारी त्या तापलेल्या दगडावर बसली आणि ढसाढसा रडली.

त्या वर्षी त्या घरात नाचणी आली नाही. पुढच्या वर्षी नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. बैल आणि नांगर विकून झाले, मग तिघंही दुसऱ्यांच्या शेतात राबली. पाणवठ्यावर आता कुणी हसत नव्हतं, आणि सुभानला तेच जास्त लागायचं. येसू रोज रानातली एक टोपली कुजका पाला आणून शेताच्या एका कोपऱ्यात पसरायची. सुभानही आणायचा. दोघं म्हातारी झाली, तोवर त्या कोपऱ्यात घोंगडीएवढी माती झाली. अख्ख्या जन्मात घोंगडीएवढी!

बाकीचं शेत अजून तिथेच आहे म्हणतात. गुरं त्यावरून चालली की खुरं वाजतात.

म्हणून सांगतो, रीत पाळणाऱ्याने तिचं कारण सांगावं आणि रीत मोडणाऱ्याने ते आधी विचारावं.